पत, ऐपत आणि दानत

कर्ज मागावयास आलेल्या मनुष्याकडे धनकोने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा दिसतो. पण थोडे खोल गेले म्हणजे तो नीतिशास्त्राचा आहे असे ध्यानात येते. आपल्या भाषेने तर हे फार पूर्वीच ओळखले आहे. उधार मिळण्याची योग्यता आणि चारचौघांतील अब्रू या दोहोंना मराठीत एकच शब्द पुरतो, आणि तो म्हणजे पत. ज्याची पत जाते त्याला नुसते उसने मिळेनासे होते असे नाही. तो रस्त्याने मान खाली घालून चालू लागतो. हीच पत आज एका तीन आकडी संख्येत येऊन बसली आहे, आणि सामान्य गृहस्थाला स्वतःच्या मालकीचे छप्पर मिळावयाचे की नाही, हे पुष्कळ अंशी ती संख्या ठरविते.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. २०२० सालच्या टाळेबंदीत त्याची नोकरी गेली. क्रेडिट कार्डावर खर्च झालेली रक्कम थकली, व्याज चढत गेले, आणि शेवटी बँकेनेच सुचविलेल्या तडजोडीप्रमाणे काही रक्कम भरून त्याने ते खाते मिटविले. पुढे दुसरी नोकरी लागली. तीन वर्षे त्याने कोणाचा एक पैसा थकविला नाही. मग लग्न झाले, दोन खोल्यांची जागा पसंत केली, आणि घरासाठी कर्ज मागितले. अर्ज नामंजूर झाला. त्याच्या जुन्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा एकच शब्द होता. पण तेवढा पुरेसा झाला. तो आम्हांस म्हणाला, “सर, मी पैसे बुडविले नाहीत, मला ते देता आले नाहीत. हा फरक मी कोणाला सांगू?”

हा फरक खरा आहे, आणि तोही आपल्या भाषेला ठाऊक आहे. ऐपत आणि दानत हे दोन शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. देण्याची शक्ती ती ऐपत; देण्याची बुद्धी ती दानत. ऐपत असून न देणारा लबाड; दानत असून देऊ न शकणारा दुर्दैवी. पहिल्याला समाजाने दूर ठेवावे हे योग्यच. दुसऱ्यालाही त्याच पंक्तीला बसविणे हा अन्याय होय. परंतु पत मोजणारी संख्या ह्या दोघांना वेगळे ओळखीत नाही. हप्ता आला की नाही, एवढेच तिला कळते; का आला नाही, हे तिला कोणी सांगत नाही व ती विचारीत नाही.

ही संख्या तयार होते कशी हे थोडे पाहू. आपल्या देशात अशा नोंदी ठेवणारी पहिली संस्था २००० साली निघाली, आणि तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून झालेला ‘सिबिल’ हा शब्द आता घरोघर पोहोचला आहे. २००५ साली ह्या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि आज अशा चार संस्था काम करीत आहेत. कोणी किती कर्ज घेतले व हप्ते वेळेवर फेडले की नाही, हे बँका त्यांना नियमाने कळवितात, आणि त्यावरून ३०० पासून ९०० पर्यंतचा एक अंक निघतो. मनुष्य दुसऱ्यास जामीन राहिला आणि त्या दुसऱ्याने हप्ते थकविले, तर त्याचा डाग जामीनदारावरही पडतो. पुष्कळ बँका व्याजाचा दरही आता ह्या अंकाकडे पाहूनच ठरवितात. ३० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने साडेआठ टक्क्यांनी मिळाले तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. साडेनऊ टक्क्यांनी मिळाले तर २७,९६४. महिन्याला १,९२९ रुपयांचा हा फरक २० वर्षांत ४ लाख ६३ हजारांच्या जवळ जातो. एकदा ठेच लागलेल्या मनुष्याला भरावा लागणारा हा दंडच आहे. आणि विपरीत असे की, हप्ता चुकण्याचे भय ज्याला आधीच अधिक, त्याचाच हप्ता ह्या दंडाने वाढतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग ही संख्याच नको. पूर्वीचा सावकार बरा होता. तो माणूस ओळखीत असे. पाऊस कोणत्या साली पडला नाही हे त्याला सांगावे लागत नसे. हा युक्तिवाद मोहक आहे, पण इतिहासापुढे तो टिकत नाही. सावकार माणूस ओळखीत असे, तशी त्याची जात, त्याचे घराणे आणि त्याची अडचणही ओळखीत असे. आणि ह्या ओळखीचा उपयोग तो दयेसाठीच करी असे नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, व ते लोण पुणे-नगर भागात पसरले. तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हाती घ्यावयाचे आणि जाळावयाचे, एवढाच त्यांचा मुख्य हेतू होता. आजच्या अंकाला निदान आडनाव कळत नाही, आणि वशिल्याने तो वाढत नाही. हा त्याचा गुण लहान नव्हे.

दुसरी गोष्ट दयेची. तुकोबांनी आपल्याकडील कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पण तिच्यातील एक बारकावा आपण सहसा विसरतो. परंपरा सांगते की, खतांची आधी वाटणी झाली. धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याच्या हवाली झाली, आणि तुकोबांनी नदीत सोडली ती स्वतःच्या वाट्याची. एवढा विरक्त पुरुष, पण दुसऱ्याच्या पैशावर उदार झाला नाही. बँकेच्या खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याची स्थिती नेमकी येथेच कठीण होते. त्याच्यापुढे असलेला पैसा त्याचा नसतो. तो एखाद्या निवृत्त शिक्षकाचा, एखाद्या विधवेचा, मुलीच्या शिक्षणासाठी ठेव ठेवणाऱ्या एखाद्या कारकुनाचा असतो. तो त्याने सावधपणे द्यावा, ही त्याची क्रूरता नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे. दानत डोळ्यांना दिसत नाही. ती वर्तनावरूनच ताडावी लागते, आणि मागील वर्तनाची नोंद हाच त्यातल्या त्यात निःपक्षपाती साक्षीदार होय.

मग आमचे म्हणणे काय? ते इतकेच की, साक्षीदार हा साक्षीदारच राहावा. त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवू नये. दक्षिणेतील त्या दंग्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यातील सर्वांत शहाणपणाचे कलम आम्हांस हेच वाटते की, कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता, त्या कागदामागील व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. त्या कायद्याने सर्व दुःखे मिटली नाहीत. गहाणाऐवजी खरेदीखतेच लिहून घेण्याच्या पळवाटा सावकारांनी काढल्या. तरी तत्त्व अबाधित राहते. कागद खरा असला तरी तो संपूर्ण सत्य असतोच असे नाही.

ह्याच तत्त्वाचे दुसरे अंग म्हणजे विस्मरण. आपल्या धर्मशास्त्राने पातके पुष्कळ सांगितली, पण त्यांच्यासाठी प्रायश्चित्तेही सांगितली. आणि प्रायश्चित्त घेतलेला मनुष्य पुन्हा व्यवहार्य होतो, असा मार्ग मोकळा ठेवला. ज्या दोषाला प्रायश्चित्ताची मुदत नाही, त्याची शिक्षा शिक्षा राहत नाही; तो बहिष्कार होतो. अमेरिकेत १९७० साली झालेल्या कायद्याप्रमाणे थकबाकीसारख्या प्रतिकूल नोंदी साधारणतः सात वर्षांनी, व दिवाळखोरीची नोंद दहा वर्षांनी अहवालातून वगळावी लागते. मोठ्या रकमांच्या व्यवहारांना त्यात अपवाद आहे हे खरे. पण विसरण्यालाही कायद्यात स्थान असावे, हे तेथे मान्य झाले आहे. आपल्याकडील नियम नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवण्यास सांगतो. तिकडे विसरण्याची मुदत, इकडे जपण्याची! ह्या दोन वृत्तींतील अंतर विचार करण्यासारखे आहे.

आपल्याकडे काहीच सुधारले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून दिला. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा नियम २०२४ पासून अमलात आला. नामसाम्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे, किंवा फेडलेले खाते थकलेलेच दिसत राहणे, हे प्रकार ज्यांनी भोगले आहेत त्यांना ह्या हक्काचे मोल कळेल. परंतु चूक दुरुस्त करणे वेगळे, आणि खऱ्या नोंदीमागचे कारण ऐकून घेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला अजून कोणत्याही अहवालात पुरेशी जागा नाही. ती धनकोच्या विवेकातच असावी लागते.

शेवटी ऋणकोच्या बाजूचे कर्तव्य राहते, आणि तेथे आम्ही आमच्या विद्यार्थ्याशी थोडे कठोर बोललो. “तू पैसे बुडविले नाहीस म्हणतोस, पण तडजोडीत जी रक्कम सुटली, ती कोणाची तरी बुडालीच ना? तेव्हा तुझी ऐपत नव्हती, हे खरे. आज आहे. मग आज तुझी दानत काय म्हणते?” तो बराच वेळ गप्प बसला. त्याला आमचा राग आला असावा, आणि येणे स्वाभाविक होते. कारण कायद्याने त्याच्याकडे आता कोणी एक रुपयाही मागू शकत नव्हते.

दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. त्याने जुन्या बँकेत जाऊन सूट मिळालेली ती ३८ हजारांची रक्कम भरली होती, कसलेही येणे उरले नसल्याचा दाखला घेतला होता, आणि खात्यापुढील शब्द बदलून ‘बंद’ असा करवून घेतला होता. मोठ्या जागेचा हट्ट सोडून त्याने लहान जागा पाहिली. पदरचे पैसे अधिक घालून कर्ज कमी मागितले. आणि पत्नीच्या पगाराची जोड देऊन दुसरीकडे अर्ज केला. तेथील अधिकाऱ्याने त्याला समोर बसवून २०२० साली काय झाले ते विचारले. कर्ज मंजूर झाले. दर मात्र इतरांपेक्षा काहीसा अधिक लागला. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडण्यास दंड नसल्यामुळे, काही वर्षे हप्ते नीट गेले म्हणजे ते कमी दराने दुसरीकडे नेता येईल, असा त्याचा हिशेब आहे.

आम्ही त्याला विचारले, “अंक किती झाला?” तो हसून म्हणाला, “सर, ते अजून पाहिले नाही.” आम्हांस ते उत्तर आवडले. अंक आपल्या चालीने वर येईल. त्याला वेळ लागतो आणि लागावाही. पण ज्या दिवशी त्याने ते ३८ हजार भरले, त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या मनात त्याची पत परत आली होती. ती मोजणे कोणत्याही संस्थेच्या हाती नाही. मात्र समोर बसलेल्या मनुष्याला एक प्रश्न विचारून ती जाणून घेणे धनकोच्या हाती आहे. एवढा प्रश्न विचारण्याची तसदी त्याने घ्यावी, इतकेच आमचे मागणे आहे.