पाठीवरचे वाघ

तालुका स्पर्धा तोंडावर आली होती. जळकोटच्या एका शाळेतली खो-खोची पोरं वर्गणी मोजत बसली. पैशात नी-कॅप तरी येणार होत्या, नाहीतर जर्सीवर नाव तरी छापून होणार होतं.

"नी-कॅप कोन बघतंय?" कप्तान म्हणाला. "बांगलादेशचे टायगर्स, श्रीलंकेचे लायन्स. आपला फुटबॉलचा संघबी ब्लू टायगर्स. आपुन जळकोटचे वाघ!"

सर फक्कीनं रेषा मारत होते. "१९०५ ला न्यूझीलंडचा रग्बी संघ इंग्लंडला गेला. अंगावर काळे कपडे. पहिल्याच सामन्यात डेव्हनला ५५-४ नं लोळवलं. दौऱ्यातले ३५ पैकी ३४ सामने जिंकले. 'ऑल ब्लॅक्स' हे नाव तिथल्याच पेपरांनी रूढ केलं. हरलेल्यांच्या गावात पडलेलं नाव आहे ते."

"पण सर, आता तर नावं ठरवूनच ठेवतेत की."

"ठेवतात. त्यांच्याच क्रिकेट संघाचं 'ब्लॅक कॅप्स' १९९८ मध्ये स्पर्धा घेऊन निवडलं. ठेवा की. पण आधी गुडघे सांभाळा."

पोरांनी वाघच छापले. (त्या वयात मीही तेच केलं असतं.)

मैदान मुरमाड. खांबापाशी सूर मारायची वेळ आली की वाघ अंग चोरायचे; गुडघे उघडे, त्यात कोरी जर्सी मळायची धास्ती. समोरची वाडीवरची पोरं साध्या बनियनवर होती आणि बिनधास्त जमिनीवर झोकून देत होती. दुसऱ्या डावात निकाल दिसायला लागला तसा कडेचा एक म्हातारा ओरडला, "वाघाला कडबा टाका रे कुनीतरी!"

पुढच्या वर्षी नी-कॅप आल्या. रोज संध्याकाळी सूर: पळता पळता अंग झोकायचं, एका हातानं खांब धरायचा, दुसऱ्यानं पळणाऱ्याची टाच गाठायची. छातीपासून गुडघ्यापर्यंत तांबडी माती. जिल्ह्याच्या स्पर्धेत समोरचा कप्तान आपल्या गड्यांवर खेकसला, "त्या मातकटांपासून लांब पळा!" पोरं उपांत्य सामन्यात हरली, पण तोवर सगळं मैदान त्यांना मातकटच म्हणत होतं.

परतताना कुणीतरी विचारलं, "आता हे छापायचं का रे जर्सीवर?"

"कशाला?" कप्तान म्हणाला. "धुतलं तरी निघंना गेलंय."

त्या वर्षीची वर्गणीही नी-कॅपलाच गेली.