पाणंद

पावसाळ्यात शेताकडे निघालेला माणूस डांबरी सोडतो आणि पाणंदीच्या तोंडाशी चप्पल हातात घेतो. विदर्भात हिलाच पांदण म्हणतात. दोन्ही अंगांना बाभळी, घाणेरी. मधे गुडघाभर चिखल. डोक्यावर ५० किलोचं खताचं पोतं.

उत्पादन वाढवायचं म्हटलं की आपण बियाणं बघतो, ठिबक बघतो, आता ड्रोनची फवारणी बघतो. बघायलाच हवी. पण तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जावा लागतो. पुढे दिवसागणिक वजन घटतं, साखर उतरते. ठिबकवर जोमानं वाढलेला तोच ऊस पाणंदीत रुतलेल्या ट्रॉलीत वाळत राहतो. मग दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायचं, नाहीतर मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत आणायच्या. रानात वाढलेलं टनेज वाटेत घटतं.

हे नुकसान निदान दिसतं. न दिसणारं मोठं आहे. पाणंदीच्या टोकाला ज्याचं रान आहे, तो टोमॅटो लावतच नाही. भर पावसात एक दिवसाआड कॅरेट बाहेर कसे काढणार? तो तूर पेरतो, कारण तूर थांबते. जमीन कसदार, विहिरीला पाणी, माणूस कष्टाळू. पीक मात्र रस्ता ठरवतो.

गावनकाशावर या वाटा आहेत. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीरस्ता, १६.५ ते २१ फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, ८.२५ फूट. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. १६.५ म्हणजे तिची निम्मी, ८.२५ म्हणजे तिची पाव. कागदावर ही मापं आजही तेवढीच आहेत. जागेवर मात्र दर नांगरटीला एक तास इकडून आत आलं, एक तिकडून. रस्ता कुणीच गिळला नाही, प्रत्येकानं फक्त बांध कोरला. यंत्रं रुंद होत गेली, वाट अरुंद होत गेली. आज गावात हार्वेस्टर येतो आणि पाणंदीच्या तोंडावरून परत फिरतो.

कायदा आहे. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं तहसीलदाराला दिला आहे. २०२१ पासून शासनाच्या मातोश्री योजनेतून पाणंदींची कामंही निघाली. पण खडी टाकायला आधी जागा लागते, आणि दावा लावायचा तो बहुधा भावकीतल्याच माणसावर. निकाल लागेपर्यंत दोघांनी शेजारी शेजारीच पेरायचं असतं.

ट्रॅक्टरला कर्ज मिळतं, ठिबकला अनुदान मिळतं. वाटेसाठी सोडायच्या चार फुटांना मात्र शेजाऱ्याचं मन लागतं. आणि गुंता असा, की तोंडाशी ज्याचं रान आहे त्याला पाणंदीची गरज सगळ्यांत कमी. त्याचा बांध डांबरीलाच टेकलेला. टोकाच्या माणसाला गरज सगळ्यांत जास्त, आणि त्याच्या हातात सोडण्यासारखं फार काही नसतं. म्हणून मोकळी, मुरूम टाकलेली पाणंद दिसली की मला तोंडाच्या शेतकऱ्याचा विचार येतो. स्वतःचा ऊस बिनघोर कारखान्यावर पोचत असताना त्यानं मोजणीवाल्यांना खुणेचा दगड आपल्या रानात घ्यायला सांगितलेलं असतं.