सहन कर, हे कुणी कुणाला म्हणावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या जानेवारीत आम्ही सात जण ग्वाल्हेरहून इंदूरला सायकलनं दर्शनाला निघालो. संकल्प असा, की वाटेत कुणी गाडीत बसायचं नाही. पहिला मुक्काम शिवपुरी.

पहाटे पाचला निघालो तेव्हा दाट कोहरा होता. पारा पाच अंशांच्या आसपास. उभं राहिलं तर थंडी सोसते, पण सायकल चालवताना आपल्याच वेगाचा वारा अंगावर येतो. घाटीगावपर्यंत आतले सुती बनियन घामानं ओले झाले. बोटांना ब्रेक दाबता येईनात.

आमच्यातले काका चौसष्टचे. ते मागे पडू लागले. आम्ही पुढून ओरडलो, "काका, सहन करा, हेच तप!" ते हसले, काही बोलले नाहीत.

मोहन्याला चहाच्या टपरीवर थांबलो. काकांना हेल्मेटचा पट्टा सुटेना, शब्द अडखळायला लागले. टपरीवाल्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. म्हणाला, "इनको ले जाओगे या मारोगे?" त्यानंच ओले कपडे उतरवायला लावले, कोरडे घातल्यावर छातीशी जुनी वर्तमानपत्रं खुपसली, स्वतःची रजई दिली, साखर जास्त घालून चहा पाजला.

जरा बरं वाटल्यावर काका म्हणाले, "माझ्यासाठी संकल्प मोडू नका. मी चालवतो."

खरं सांगायचं, तर क्षणभर आम्हाला ते ऐकून बरंच वाटलं. लाज वाटते ती त्याची.

शेवटी आमच्यातला एक जण काकांना घेऊन बसनं शिवपुरीला गेला. दोन्ही सायकली टपावर. बाकीचे पाच जण गप्पच चालवत राहिलो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, की थंडी-ऊन येतं नि जातं, ते सहन कर. मग आम्ही काकांना तेच म्हणालो, त्यात चुकलं काय? रात्री धर्मशाळेत हाच विषय निघाला. एक जण म्हणाला, "आपणही त्याच थंडीत होतो की!" थंडी एकच होती, पण अंगं वेगळी. आमचे हातमोजे लोकरीचे, काकांचे सुती. हे कुणी पाहिलंच नव्हतं. आणि भगवंतांनी 'सहन कर' म्हटलं ते त्याच रथावर बसून, घोड्यांचे लगाम हातात धरून. आम्ही म्हणालो ते शंभर पावलं पुढून, मागे वळूनही न पाहता.

स्वतःची थंडी सोसणं ही तितिक्षा. दुसऱ्याला सोसायला लावणं, ही बहुतेक वेळा आपलीच सोय. घरातही असंच होतं ना? पहाटे गार पाण्यात भांडी घासणाऱ्या सुनेला "एवढं काय त्यात" म्हणणारे आपण रजईतच असतो.

काका नंतर म्हणाले, "तप म्हटलंत, म्हणून थंडी वाजतेय म्हणायची लाज वाटली."

संकल्प मोडला का? मोडला. इंदूरला पादुकांपुढे आम्ही तसं सांगून टाकलं. पण पुढचे सगळे दिवस सर्वांत हळू चालवणारा पुढे राहिला, बाकीचे त्याच्या मागे. दर दहा किलोमीटरला प्रत्येकानं तोंडानं काहीतरी बोलायचं. हा नियम सुचायला एक रजई लागली, तीही परक्याची.

आज घरात कुणाला आपण 'सहन कर' म्हणालो, एवढं जरा आठवून बघू या.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥