उतारूची संमती

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. सकाळी घडलेला अनर्थ मुंबईस कळावयास दुपार उलटून गेली. या प्रसंगाविषयी बोलताना, ‘लोकांनाच सणासाठी घरी पोहोचण्याची घाई होती, त्यास बोटवाल्यांनी काय करावे?’ असे म्हणणारे सद्गृहस्थ आढळतात. हे उद्गार सहज निघून जातात खरे. परंतु त्यांत नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. उतारूने धोका स्वखुशीने पत्करला, तर वाहकाचे कर्तव्य तेवढ्यापुरते संपते काय?

स्वखुशीने ओढवून घेतलेल्या हानीबद्दल दाद मागता येत नाही, हे तत्त्व रोमन कायदेपंडितांच्या काळापासून चालत आले आहे, आणि मल्लाच्या बाबतीत ते आम्हांसही मान्य आहे. आखाड्यात उतरणाऱ्याला समोरचा गडी दिसत असतो. धक्क्यावरील उतारूला मात्र बोटीचा तळ दिसत नाही, भार किती झाला हे कळत नाही, आणि पुढची बोट केव्हा सुटेल याचाही भरवसा नसतो. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिला संमती कसली? तिकीट घेणारा भाडे देऊन प्रवास विकत घेतो. मालकाचा हलगर्जीपणा काही तो विकत घेत नाही.

गंमत अशी, की हा विचार कायद्याने प्रथम ठामपणे मान्य केला तो मालाच्या बाबतीत. एकोणिसाव्या शतकात जहाजमालक माल चढवून घेतल्याच्या पावतीवरच बारीक अक्षरांत छापीत, की आमच्या नोकरांच्या चुकीने माल बुडाला तरी आम्ही जबाबदार नाही. व्यापारी ती पावती निमूटपणे घेई, कारण दुसऱ्या कंपनीच्या पावतीवरही तेच छापलेले असे. १९२४ च्या ब्रुसेल्स येथील करारातील नियम १९२५ च्या कायद्याने आपल्याकडे आले. प्रवासाच्या आरंभी जहाज समुद्रयोग्य ठेवण्याची वाजवी दक्षता मालकाने घेतलीच पाहिजे, आणि त्या जबाबदारीतून त्याला मोकळे करणारे कलम रद्दबातल समजावे, असे त्यांत ठरले. २०२५ साली नवा कायदा आला, तरी हे तत्त्व टिकले आहे. म्हणजे ‘रामदास’ बुडण्यापूर्वी बावीस वर्षे कापसाच्या गाठीला हे संरक्षण मिळाले होते!

माणसांसाठी नियम नव्हते असे नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ साली लंडनला राष्ट्रांची परिषद भरली, आणि तिच्यातून निघालेल्या करारांची परंपरा १९७४ च्या करारापर्यंत पोहोचली. पण हे करार मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांचे. रेवसचा उतारू परदेशी निघालेला नव्हता. त्याने स्थानिक नियमांवर आणि ते पाळणाऱ्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर भिस्त ठेवावी!

नियमांचीही आम्हांस आंधळी भक्ती नाही. ‘टायटॅनिक’वर तत्कालीन ब्रिटिश नियमाने मागितल्याहून अधिक होड्या होत्या, तरीही त्यांत जेमतेम निम्म्या माणसांना जागा होती, कारण तो नियम माणसे न मोजता जहाजाचे आकारमान मोजत होता. मालकाने कायदा पाळला. कर्तव्य पाळले काय, हा प्रश्न निराळा. त्याचप्रमाणे, १८७६ च्या कायद्याने विलायतेत जहाजावर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. पण ती कोठे काढावी हे मालकावरच सोडले होते, आणि त्या रेषेची जागा कायद्याने ठरण्यास १८९० उजाडले. चौदा वर्षे ही रेषा बहुतेक शोभेचीच होती.

डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीस निघालेली ‘नीलकमल’ बोट नौदलाच्या वेगवान नौकेच्या धडकेने बुडाली, आणि मग गेटवेवर जीवरक्षक जाकिटे घालण्याची सक्ती झाली. ती घालताना कुरकुर करणारे उतारूही आहेत. आमच्या मते त्यांच्या कुरकुरीला मुळीच किंमत देऊ नये. ‘नको’ म्हणणाऱ्या उतारूचे ऐकून जाकीट बाजूला ठेवणारा तांडेल त्याचा मान राखत नाही, स्वतःचे श्रम वाचवितो.

‘रामदास’च्या वेळी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले रेवसचे कोळी तेथे येऊन पोहोचले. त्या उतारूंशी त्यांचा कसलाही करार नव्हता. माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकली, असे सांगतात.