शिकाऊ इंजिनियर कोणाचा?

इंजिनियरिंगचा पदवीधर कारखान्यांत पाऊल टाकतो तेव्हां त्याला पुन्हा मुळापासून शिकवावें लागतें, ही कारखानदारांची तक्रार जुनीच आहे. विद्यापीठांचें उत्तरही तितकेंच जुनें: तत्त्वें शिकविणें हें आमचें काम, यंत्रें तुम्हीं दाखवावीं. उभयतांनीं एकत्र यावें, येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. परंतु ज्याच्या नांवानें हा समेट व्हावयाचा, त्या विद्यार्थ्याविषयीं कोणाचें काय कर्तव्य आहे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि आमच्या मतें मुख्य प्रश्न तोच आहे.

अमेरिकेंत सिन्सिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर यांनीं १९०६ सालीं एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडींतील एक आठवडाभर वर्गांत बसे, दुसरा कारखान्यांत राबे, आणि पुढील आठवड्यास दोघे जागा बदलीत. कामाचें वेतन मिळे. या योजनेचें मर्म वेळापत्रकांत नाहीं. वेतन देणारा मालक खरें काम मागणारच, आणि सात दिवस यंत्राशीं झगडलेला मुलगा शिक्षकापुढें खरे प्रश्न घेऊन येणारच. मालक व शिक्षक, दोघांसही आळसाची सोय उरत नाहीं.

आमच्याकडे कायद्याची उणीव नाहीं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९७३ सालीं दुरुस्त होऊन पदवीधर इंजिनियरांसही लागू झाला. पिलानीच्या बिर्ला संस्थेनें विद्यार्थ्यांस कांहीं महिने उद्योगांत धाडण्याची पद्धत त्याच सालीं सुरू केली. पण पुष्कळ ठिकाणीं काय घडतें? मुलगा कोपऱ्यांत उभा राहून यंत्रें पाहतो आणि शिक्का मारलेला कागद घेऊन परततो. कारखान्यास त्याची अडचण, महाविद्यालयास त्याचा विसर! दुसरें टोंक म्हणजे कांहींएक न शिकवितां त्यास वर्षभर स्वस्त मजूर म्हणून वापरणें. हें पाप आम्ही अधिक मोठें मानतों, कारण त्यास शिक्षणाचें नांव दिलेलें असतें.

तर मग कारखानदार सांगतील तोच अभ्यासक्रम ठेवावा काय? मुंबईचा दाखला पाहावा. १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली तेव्हां शहर गिरण्यांचें होतें, आणि कापडविद्या हा तेथील आरंभींच्या विषयांपैकीं एक. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. संस्था मात्र वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें चालूच आहे. तिनें केवळ चात्या सांभाळणारे घडविले असते तर त्यांची विद्या गिरण्यांबरोबरच संपली असती. मालकाची निकड चार-पांच वर्षांची. विद्यार्थ्यास पुढें चाळीस वर्षें काम करावयाचें असतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम याच संस्थेंत शिक्षक होते. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या या कारखानदारास वर्ग आणि कर्मशाळा दोन्ही ठाऊक होतीं. आज विद्यार्थ्यास कारखान्यांत पाठविण्याच्याच गोष्टी चालतात, शिक्षकास पाठविण्याच्या क्वचित्. ज्यानें वर्षानुवर्षें कर्मशाळेचा उंबरठा ओलांडला नाहीं, तो मुलाच्या खऱ्या प्रश्नास काय उत्तर देणार? दर पांच वर्षांनीं अध्यापकास सहा महिने कारखान्यांत धाडावें, पगार निम्मा विद्यापीठानें व निम्मा कारखान्यानें द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं पदवीची अट न घालतां अनुभवी व्यावसायिकांस अध्यापनासाठीं नेमण्याची वाट मोकळी केली आहे. त्या वाटेनें मोठे साहेबच तेवढे येऊं नयेत. एखाद्या जुन्या फोरमननें मोडलेला दांडा वर्गांत आणून टेबलावर ठेवावा, आणि तो कां मोडला हें मुलांस शोधावयास लावावें.