बोट तीच की दुसरी?

पाथर्डीचा मुलूख दुष्काळी आणि समुद्र तेथून लांब. तरीही शेततळ्याच्या पाण्यावर बोटीची प्रतिकृती पळविण्याची हौस तेथील एखाद्या विद्यार्थ्याला असणे अशक्य नाही. अशा विद्यार्थ्याने आपल्या बोटीतील ब्रशची मोटर काढून ब्रशलेस मोटर बसविली, तिच्यापायी कंट्रोलर बदलला, निकेलची बॅटरी जाऊन लिथियमची आली, आणि वाढलेल्या फेऱ्यांना झेपेल असा लहान पंखाही लावावा लागला, तर त्यानंतर पाण्यात उतरते ती जुनीच बोट की निराळी, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी फार प्राचीन आहे. ग्रीक वीर थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सकर बदलीत गेले तेव्हा तत्त्वज्ञांत माजलेला वाद प्लूटार्कने नोंदवून ठेवला आहे. आणि मिलिंद राजाच्या रथाचा एकेक अवयव तपासून, त्यांत रथ असा कोठेच सापडत नाही, हे बौद्ध भिक्षू नागसेनाने त्याच्याकडून वदवून घेतले.

पाथर्डीच्या आसमंतात मात्र याला एक तिसरे उत्तर आहे, आणि मला ते या दोहोंपेक्षा कसदार वाटते. याच तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेले आनंदऋषीजी पुढे स्थानकवासी जैन श्रमणसंघाचे आचार्य झाले, आणि तिलोकरत्न जैन धार्मिक परीक्षा बोर्डही मूळचे पाथर्डीचेच. तेव्हा जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच क्षणी नांदतात, हा जैन आचार्य उमास्वातींचा सिद्धांत या गावाला परका नाही. जैन आचार्य समंतभद्रांनी त्यासाठी सुवर्णघटाचा दृष्टांत दिला: घट मोडून मुकुट घडविला असता घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा हर्षतो, आणि ज्याला केवळ सोने हवे तो दोन्हींविषयी उदासीन राहतो.

बोटीच्या बाबतीत सोने कोणते? सांगाडा, असे कोणीही चटकन म्हणेल. पण जुनी मोटर एकदा उघडून पाहावी. फिरणाऱ्या गुंडाळ्यांना वीज पोचविण्यासाठी कार्बनचे दोन तुकडे तांब्याच्या कॉम्युटेटरवर सतत घासत असतात. त्या घर्षणाने तांब्यावर चरे पडतात, ठिणग्या उडतात, कार्बन झिजून आत काळी भुकटी साचते, आणि हे सर्व सोसायचे ते केवळ प्रवाहाची दिशा ऐन वेळी उलटावी म्हणून. ब्रशलेस मोटरीत गुंडाळ्या स्थिर होतात आणि पूर्वी स्थिर असलेले चुंबक फिरू लागतात. घर्षण गेले, परंतु दिशा पालटण्याचे काम गेले नाही, ते कंट्रोलरकडे वर्ग झाले, आणि तो मोकळ्या गुंडाळीत उमटणाऱ्या विद्युतदाबावरून चुंबक कोठे आहे हे ताडून तीन तारांतून पाळीपाळीने प्रवाह सोडतो. (त्यांतील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, ही गंमत करून पाहण्यासारखी आहे.) म्हणजे ब्रश नाहीसे झाले, कंट्रोलर उदयास आला, आणि दोहोंतून टिकले ते एक कार्य; सांगाड्याचा या टिकण्याशी काही संबंध नाही.

येथे काटेकोर जैन पंडित हरकत घेईल, आणि त्याची हरकत रास्त आहे. कार्य हे द्रव्य नव्हे. ध्रुव असतात ती जीव-पुद्गलादी द्रव्ये, आणि बोट हा पुद्गलाच्या, म्हणजे जडद्रव्याच्या, परमाणूंचा जमलेला स्कंध, म्हणजे केवळ पर्याय, एक बदलती अवस्था होय. जमिनीचा फेरफार नोंदताना खातेदार बदलतो आणि गट नंबर कायम राहतो, त्या धर्तीचे हे बोटीचे सातत्य माणसाने आपल्या सोयीसाठी दप्तरी लावलेले आहे. नागसेनाशी जैनाचा मतभेद होतो तो याच्या पुढे: बौद्धाला सोनेही क्षणिक वाटते, जैन मात्र परमाणूचे आणि जीवाचे ध्रौव्य सोडावयास तयार नाही.

मला जैनाचा निवाडा मान्य आहे. बोट तीच, असे व्यवहारनयाने, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीने, खुशाल म्हणावे आणि तिचे जुनेच नाव कायम ठेवावे. निश्चयनयाने, म्हणजे अंतिम सत्याच्या दृष्टीने, मात्र मोटर बदलण्यापूर्वीही तेथे बोट नावाचे द्रव्य नव्हते.