मापात पाप : जबाबदार कोण?



‘मापात पाप’ या दोन शब्दांचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पवित्र कुरआनच्या ८३व्या अध्यायाचे, सूरह अल-मुतफ्फिफीनचे, तर नावच मुळी माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी करणारे यांना तेथे विनाशाचा इशारा दिलेला आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनवासीयांना एकेश्वरत्वाचे आवाहन केले, तेव्हा त्याला जोडूनच वजनमाप चोख ठेवण्याचा उपदेश केला. श्रद्धा आणि तराजू ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र आज एक नवा प्रश्न आपल्यापुढे उभा आहे. पूर्वी तराजूची दांडी माणसाच्या हातात असे. खोट कोणाची, हे डोळ्यांना दिसे. आज छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत, गंगापूर-पैठणकडच्या वजनकाट्यांवर आकडा यंत्र दाखवते. तो आकडा खोटा निघाला तर दोषी कोण? मालक, काटा दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, काटाघरातील कारकून, की कोणीच नाही?

उत्तर शोधण्यापूर्वी यंत्र समजून घेऊ. काट्याच्या पाटाखाली लोडसेल असतात. भार पडला की त्यांतील धातू किंचित दबतो व विजेचा अतिसूक्ष्म संकेत बदलतो. तो संकेत कंट्रोलरकडे जातो. कंट्रोलरला किलो म्हणजे काय ते ठाऊक नसते. ते त्याला शिकवावे लागते. प्रथम काटा रिकामा करून ‘हे शून्य’ असे सांगायचे, मग प्रमाणित वजने ठेवून ‘हे इतके किलो’ असे सांगायचे. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. यंत्र पुढे आयुष्यभर शिकवलेलेच बोलते. म्हणून ‘यंत्राने सांगितले’ या वाक्याआड नेहमी एक माणूस उभा असतो.

यातील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. वाहनाचे वजन दोनदा होते, आधी भरलेले आणि नंतर रिकामे. शून्यातील चूक दोन्ही वेळा सारखीच राहिली तर वजाबाकीत ती नाहीशी होते. पण दुसऱ्या पायरीवर, म्हणजे भाराचे प्रमाण शिकवताना झालेली चूक वजाबाकीतही उरते आणि भाराबरोबर वाढत जाते. अर्ध्या टक्क्याची तूट असेल तर १० टन मालात ५० किलो गेले. रिकामा काटा मात्र शून्यच दाखवत राहतो. भार नसताना प्रामाणिक दिसणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. यंत्राचाही नाही आणि माणसाचाही नाही.

हे ५० किलो कोणाचे? उसाच्या हंगामात ‘काटामारी’ हा शब्द महाराष्ट्रभर ऐकू येतो. उसाची रक्कम शेतकऱ्याला टनावर मिळते. ऊसतोड मजुराची मजुरी आणि वाहतूकदाराचे भाडेही टनावरच ठरते. म्हणजे एका खोट्या आकड्याने तीन घरांतील चुलींवरचे अन्न कमी होते. त्यांतील एक घर कोयता घेऊन मुलाबाळांसह गाव सोडून आलेले असते.

आता सबबींकडे वळू. पहिली सबब : ‘मला ठाऊकच नव्हते.’ अजाणता झालेल्या चुकीचे पाप अल्लाह लादत नाही, हे खरे. पण पाप नसणे आणि देणे नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अजाणता दुसऱ्याच्या मालाचे नुकसान झाले तरी भरपाई माफ होत नाही, असे इस्लामी न्यायशास्त्र सांगते. शिवाय हे अज्ञान खरे आहे काय, हेही स्वतःला विचारावे. काटा आपल्या विरोधात झुकत असेल तर आपण त्याच संध्याकाळी तंत्रज्ञाला बोलावतो. आपल्या बाजूने झुकत असेल तर १२ महिन्यांनी येणाऱ्या पडताळणीची वाट पाहतो. लाभ होतो म्हणून जपलेले अज्ञान हे अज्ञान राहत नाही. मुतफ्फिफची ओळख हीच की त्याच्याकडे दोन मापे असतात.

दुसरी सबब : ‘मी नोकर आहे, मालकाने सांगितले.’ निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणत्याही माणसाची आज्ञा पाळायची नसते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. कंट्रोलरचा पासवर्ड ज्याच्यापाशी आहे, त्याच्यापाशी अमानत आहे. नकार दिल्याने नोकरी जाऊ शकते, ही भीती खोटी नाही. म्हणूनच अशा तरुणाला केवळ उपदेश करून आपली सुटका होत नाही. त्याच्या पाठीशी उभे राहणे, त्याला दुसरे काम मिळवून देणे हे मशिदीच्या जमाअतीचेही कर्तव्य ठरते.

तिसरी सबब : ‘सरकारी सील आहे ना!’ वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ अन्वये काट्याची पडताळणी होते आणि त्यात ठरावीक मर्यादेपर्यंतची त्रुटी चालते. ती सवलत यंत्राच्या असमर्थतेसाठी आहे, व्यापाऱ्याच्या नफ्यासाठी नव्हे. मुद्दाम त्या मर्यादेच्या काठावर काटा बसवणारा कायद्यातून कदाचित सुटेल. पण मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही जेथे तोलले जाणार आहे, तेथे तो कसा सुटेल? आदरणीय प्रेषितांनी (स.) तर तोलणाऱ्याला पारडे थोडे झुकते ठेवण्यास सांगितले होते.

वाचकहो, काटा स्वतःला स्वतःच्याच आकड्याने तपासू शकत नाही; त्याला बाहेरचे प्रमाणित वजन लागते. त्या वजनाची तपासणी आणखी वरच्या वजनाशी होते आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. फ्रान्समध्ये जपून ठेवलेला धातूचा मूळ किलोदेखील शतकभरात आपल्या प्रतिकृतींच्या तुलनेत सुमारे ५० मायक्रोग्रॅमने वेगळा पडला. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या निसर्गातील एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर आधारण्यात आली. माणसाचे मनही असेच हळूहळू, न कळत सरकते. म्हणून त्याचा मुहासबा, म्हणजे आत्मपरीक्षण, मनाच्याच मापाने नव्हे तर अल्लाहने दिलेल्या मापाने करावा लागतो.

दोषी कोण, याचे उत्तर आता अवघड नाही. ज्याला जितके ठाऊक होते आणि ज्याच्या हाती जितके बदलणे होते, तितका तो जबाबदार. यावर उपायही स्पष्ट आहेत. काट्याजवळ तपासणीचे वजन ठेवा आणि माल आणणाऱ्याला ते ठेवून पाहू द्या. तूट आढळली तर केवळ तौबा करून थांबू नका. हा हक्कुल इबाद, माणसांचा हक्क आहे. पावत्यांच्या नोंदीत वाहनाचा क्रमांक आणि तारीख असते, त्यावरून ज्याचे त्याला परत करा. सर्व प्रयत्न करूनही मालक सापडला नाही, तरच त्याच्या वतीने ती रक्कम दान करा. ज्याचा पत्ता पावतीवर लिहिलेला आहे, त्याचे देणे सदक्याने फिटत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना घेताना आणि देताना एकच माप ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.